कॅप्टन वेंटवर्थचे पंचवीस हजार पौंड

जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेशन’ मी पहिल्यांदा वाचली ती बी.ए.च्या परीक्षेपुरती. पुढे तीस वर्षे शिकवली, तीही खरे सांगायचे तर परीक्षेपुरतीच. गेल्या पावसाळ्यात नात एम.ए.ला हीच कादंबरी घेऊन बसली. बेळगावचा पाऊस वाचकांना माहीत आहेच, घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. तेव्हा तिच्या जोडीने मीही पुस्तक पुन्हा हातात घेतले. सातआठ प्रकरणे झाली आणि तिने विचारले, “आजोबा, ह्या वेंटवर्थकडं एवढे पैसे कुठनं आले ओ?”

तीस वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

कादंबरी ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सर वॉल्टर एलियट या कर्जबाजारी सरदाराची मधली मुलगी अ‍ॅन. 1806 साली, एकोणीस वर्षांची असताना, तिचे फ्रेडरिक वेंटवर्थ या तरुण नौदल अधिकाऱ्यावर मन बसते. त्याच्याजवळ ना घर ना पैसा. आईच्या जागी असलेल्या लेडी रसेल समजूत घालतात आणि अ‍ॅन लग्न मोडते. आठ वर्षांनी, 1814 च्या तहानंतर, वेंटवर्थ परत येतो तो पंचवीस हजार पौंडांचा धनी होऊन. इकडे अ‍ॅनच्या वडिलांवर वाडा भाड्याने द्यायची पाळी आलेली, आणि तो भाड्याने घेणारा आहे एक अ‍ॅडमिरल! पुढे काय होते ते सांगून मी वाचकाचा आनंद हिरावत नाही.

आता हे पंचवीस हजार. पगारातून साठवलेले नव्हेत, तेवढा पगारच नव्हता. ऑस्टिन हे लपवून ठेवत नाही. मसग्रोव्हांच्या घरी जेवणानंतर गप्पा रंगतात, घरातल्या मुली नौदलाची यादी उघडून त्याची जहाजे शोधतात, आणि वेंटवर्थ हसत हसत सांगतो की ‘लॅकोनिया’वर असताना अझोर्स बेटांजवळ आपण कसा भराभर पैसा केला. पैसा केला म्हणजे शत्रूची जहाजे धरली. जहाज धरून बंदरात आणायचे, नौदलाच्या न्यायालयाने ते कायदेशीर पाडाव ठरवायचे, मग जहाज आणि आतला माल लिलावात विकून रकमेची वाटणी व्हायची. आठ वाटे. 1808 पूर्वीच्या नियमाप्रमाणे त्यांतले तीन कप्तानाचे, आणि त्यातला एक वरच्या अ‍ॅडमिरलाला जायचा. शेदीडशे खलाशांत मिळून दोन. 1808 साली नियम बदलून खालच्यांचा वाटा वाढवला. 1799 च्या ऑक्टोबरात चार इंग्लिश फ्रिगेटांनी स्पेनची दोन खजिन्याची जहाजे धरली तेव्हा प्रत्येक कप्तानाला चाळीस हजार पौंडांवर रक्कम मिळाली आणि साध्या खलाशाला सुमारे 182 पौंड. खलाशाला तेही दहा वर्षांच्या पगाराएवढे. त्या मानाने आमचा वेंटवर्थ मध्यमवर्गीयच म्हणायचा.

ऑस्टिनला हे सारे घरातूनच ठाऊक होते. तिचे दोन भाऊ नौदलात. फ्रान्सिस ट्रफाल्गरची लढाई हुकल्याबद्दल हळहळत राहिला आणि 1806 च्या फेब्रुवारीत सॅन डोमिंगोच्या लढाईत होता. वेंटवर्थची बढतीही तिने त्याच लढाईत घालून दिली आहे. धाकट्या चार्ल्सने 1801 साली पाडाव जहाजाच्या वाट्यातून दोघी बहिणींसाठी पुष्कराजाचे क्रूस आणि सोन्याच्या साखळ्या घेतल्या. ते क्रूस आजही जपून ठेवलेले आहेत. ज्या व्यापाऱ्याचा माल विकून त्या साखळ्या झाल्या, त्याचे नाव मात्र कुणी जपून ठेवलेले नाही.

इथे कुणी म्हणेल, हे तर एडवर्ड सैदचे झाले. 1993 च्या ‘कल्चर अँड इम्पीरिअलिझम’मध्ये त्यांनी ‘मॅन्सफील्ड पार्क’मधल्या अँटिग्वाच्या मळ्यांवर बोट ठेवले, आणि तेव्हापासून ऑस्टिनने काय सांगितले नाही याची मोजदाद करण्याचा एक धंदाच सुरू झाला. मला त्या धंद्यात पडायचे नाही. लेखकाने काय गाळले एवढ्यावरच त्याला फासावर द्यायचे ठरवले तर एकही लेखक वाचायचा नाही. माझे म्हणणे उलटे आहे. त्या युद्धावर जेवढे ललित लेखन झाले त्यात ऑस्टिन सर्वांत खरे सांगते, कारण ती युद्धाकडे मिळकत म्हणून पाहते. तिच्या कादंबरीत तोफ एकदाही धडाडत नाही. पण कुणाला किती मिळाले, त्यामुळे कुणाचे लग्न जमले, कुणाचा वाडा कुणाच्या हातात गेला, हे पै-पैशाने कळते.

याच्या शेजारी सी. एस. फॉरेस्टरची ‘हॉर्नब्लोअर अँड द हॉटस्पर’ ठेवून पाहावी. 1962 ची ही कादंबरी एके काळी आमच्या पिढीतल्या इंग्रजी वाचणाऱ्या पोरांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून शोधून शोधून वाचली. विषय सरळ नाकेबंदीचाच: 1803 सालचे ब्रेस्ट बंदर, बाहेर अ‍ॅडमिरल कॉर्नवॉलिसचे आरमार, आणि बंदराच्या तोंडाशी पाळत ठेवणारे हॉर्नब्लोअरचे छोटे जहाज.

फॉरेस्टरचे मोठेपण मान्य करूनच पुढे जाऊ. नाकेबंदी हा कादंबरीला अत्यंत नालायक विषय आहे. काही घडू न देणे हेच तिचे यश. महिनोन्महिने तेच पाणी, तोच किनारा. पश्चिमेचे वादळ सुटले की इंग्लिश आरमार टॉर बे उपसागरात आसऱ्याला जायचे, कारण ज्या वाऱ्याने त्यांना हाकलले तोच वारा फ्रेंचांनाही बंदराबाहेर पडू देत नसे. वारा फिरला की धावत परत जागेवर. नेल्सन तूलाँसमोर होता तेव्हा दोन वर्षांना दहा दिवस कमी एवढा काळ त्याने ‘व्हिक्टरी’वरून पाय खाली ठेवला नाही. कॉलिंगवुड 1803 साली घर सोडून गेला तो 1810 साली समुद्रावरच मेला. मधल्या काळात त्याने बायकोमुलींचे तोंड पाहिले नाही. हे कंटाळ्याचे युद्ध फॉरेस्टरने वाचनीय केले. पिण्याच्या पाण्याची पिंपे मोजणे, सडलेले दोर, कुजकी बिस्किटे, वाऱ्याचा एकेक अंश, यात तो असा गुंतवतो की पुस्तक खाली ठेवावेसे वाटत नाही.

पण पैशाची गोष्ट आली की हा लेखक चलाखी करतो. 1804 च्या ऑक्टोबरात इंग्लिशांनी, युद्ध जाहीर झालेले नसताना, स्पेनची खजिन्याची चार जहाजे अडवली. एक स्फोटात गेले, तीन धरली. ही खरी घटना फॉरेस्टरने घेतली आहे. त्याचा नायक मात्र ऐन वेळी एका फ्रेंच फ्रिगेटला अडवायला निघून जातो, म्हणजे कर्तव्यापोटी लाखाचा वाटा सोडतो. आणि पुढे कळते की युद्ध जाहीर नसल्याने तो पैसा सरकारजमा झाला. म्हणजे त्याग केल्याचे पुण्य पदरात, आणि तोटा मात्र काहीच नाही! हॉर्नब्लोअर गरीब राहिला पाहिजे, कारण श्रीमंत झाला तर वाचक विचारील की कुणाच्या खिशातून. ऑस्टिनला अशी सोय करावीशी वाटली नाही. तिचा नायक उजळ माथ्याने श्रीमंत आहे.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक गोष्ट टोचल्याशिवाय राहात नाही. मनोहर माळगावकरांनी 1959 साली इंग्रजीत कान्होजी आंग्र्यांचे चरित्र लिहिले. पुढे पु. लं.नी ते मराठीत आणले. माळगावकर राहायचे आमच्याच परिसरात, लोंढ्याच्या पलीकडे जगलबेटला. त्या पुस्तकात कान्होजी काय करतात? आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आपले दस्तक घ्यावे म्हणतात, आणि न घेणाऱ्याला धरतात. इंग्रजांच्या कागदांत ही चाचेगिरी. अझोर्सजवळ वेंटवर्थने केली ती मर्दुमकी. मधे न्यायालयाचा कागद होता हे खरे, आणि तो फरक मी उडवून लावत नाही. पण तो कागदही धरणाऱ्याच्याच राजधानीत मिळत होता.

या सगळ्या युद्धाचे शास्त्र बांधले ते अमेरिकन नौदलातल्या अल्फ्रेड माहान यांनी. (नागरीत नाव लिहिताना एक काना सुटला तर ‘महान’ होते, आणि त्यांचे भक्त तसेच वाचतात.) फ्रेंच राज्यक्रांती आणि साम्राज्याच्या काळातल्या सागरी सत्तेवरचा त्यांचा ग्रंथ 1892 चा. नेपोलियनच्या सैन्याने कधी पाहिलीही नाहीत अशा दूरच्या वादळात उभ्या जहाजांनी जग त्याच्या हाती जाऊ दिले नाही, अशा अर्थाचे त्यातले वाक्य इतके गाजले की नाकेबंदीवरचे पुढचे निम्मे लेखन त्या एका वाक्याचीच टीका आहे. वाक्य सुंदर आहे. ब्रेस्टपुरते खरेही आहे. ब्रेस्टच्या गोदीला लागणारी लाकडे, ताग, डांबर किनाऱ्याकिनाऱ्याने जहाजांतूनच यायचे; खुष्कीचा रस्ता तेवढे ओझे पेलत नव्हता. समुद्र अडला की गोदी उपाशी, आणि बंदरातच बांधून पडलेल्या जहाजांवरचे खलाशी शिडे हाताळायला विसरलेले. पण माहान यांच्या ग्रंथात लढाई आहे, जहाजे आहेत, राष्ट्रे आहेत, बाजार क्वचितच आहे.

आणि बाजारातच तर हे युद्ध लढले जात होते. 1806 च्या मे महिन्यात इंग्रजांनी ब्रेस्टपासून एल्ब नदीपर्यंतचा किनारा बंद जाहीर केला. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला नेपोलियनने बर्लिनहून फर्मान काढले की ब्रिटिश बेटेच बंद. ज्याच्याकडे धड आरमार उरले नाही त्याने समुद्राला वेढा घालावा, हा विनोद त्या काळच्या लोकांनाही कळला होता. अर्थ एवढाच की युरोपात इंग्रजी माल विकू द्यायचा नाही. 1807 च्या नोव्हेंबरात इंग्रजांचा उलटा हुकूम, डिसेंबरात मिलानहून नेपोलियनचा त्याच्याही उलटा. मधल्यामध्ये अमेरिकेने वैतागून आपलीच जहाजे आपल्याच बंदरांत कोंडली. तटस्थ व्यापाऱ्याची गत अशी की इंग्रजांचे ऐकले तर फ्रेंच धरणार आणि न ऐकले तर इंग्रज धरणार.

एली हेक्शर या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने 1918 मध्ये यावर जे पुस्तक लिहिले ते मी कादंबरीसारखे वाचले. वेढा म्हटले की आपण समजतो, शत्रूला उपाशी मारणे. हेक्शर दाखवतात की नेपोलियनला इंग्लंड उपाशी ठेवायचेच नव्हते, त्याला त्यांची विक्री बंद पाडून सोने ओढून घ्यायचे होते. म्हणून 1809-10 मध्ये इंग्लंडात धान्य तुटले तेव्हा फ्रेंच गहू परवान्यावर शत्रूच्या देशात गेला! जे फर्मान काढतात तेच परवाने विकतात, हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. फ्रान्स्वा क्रूझे यांचा 1958 चा ग्रंथ याला दुसरी बाजू जोडतो. नेपोलियनची बंदी जेव्हा खरोखर पाळली गेली, 1808 मध्ये आणि पुन्हा 1811 मध्ये, तेव्हा इंग्लंडातल्या गिरण्यांना ती चांगलीच जाणवली. टिकली नाही ती बंदी, कारण ती चालवणारे लोकच तिच्यावर जगू लागले.

हॅम्बर्गची गोष्ट पाहा. इंग्रजांनी 1807 मध्ये हेल्गोलँड हे टीचभर बेट घेतले आणि तिथे साखर-कॉफी-कापडाच्या वखारी उभ्या राहिल्या. तिथून माल रात्रीबेरात्री एल्बच्या मुखाशी. नेपोलियनचा तिथला वकील ब्युरिएन. त्याच्या नावावर असलेल्या आठवणींत वाळूखाली साखर भरून नाक्यावरून जाणाऱ्या गाड्या आहेत, आणि एका उपनगरात एकाएकी वाढलेल्या अंत्ययात्रा आहेत. शवपेटीत साखर आणि कॉफी. याच आठवणींत तो सांगतो की फ्रेंच सैन्याचे हिवाळी डगले मुदतीत शिवायचे म्हणून त्याने चक्क इंग्रजी कापड मागवले. या आठवणींवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये असे जाणकार म्हणतात, आणि ठेवूही नये. पण कादंबरीकाराला आणखी काय हवे असते?

दुसरीकडे बोर्दो. वेस्ट इंडीजच्या साखरेवर आणि मद्यावर उभे राहिलेले वैभवाचे बंदर. 1808 मध्ये तिथल्या अमेरिकन वकिलाने कळवले की शहराच्या रस्त्यांत गवत उगवले आहे. क्रूझे दाखवतात की फ्रान्सचा कारखानदारीचा जीव या काळात अटलांटिक किनारा सोडून ऱ्हाईनकडे सरकला आणि किनाऱ्यावरच्या शहरांना जुने दिवस पुन्हा आले नाहीत. साखर तुटली म्हणून बीटापासून साखर काढायचे प्रयोग झाले. देलेसेरच्या कारखान्यात ती जमली तेव्हा, 1812 च्या जानेवारीत, नेपोलियनने स्वतःच्या छातीवरचे पदक काढून त्याला लावले. उसाच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला या पदकाचे कौतुक जरा जपूनच वाटते. कॉफी मिळेना म्हणून चिकोरीचे मूळ भाजून दळायची रीत युरोपात घरोघर पसरली. आपल्या हॉटेलांत कॉफीच्या पुड्यावर चिकोरीचे टक्के छापलेले असतात, ते पाहून मला बादशहाची आठवण होते.

टॉलस्टॉयने ‘युद्ध आणि शांती’च्या तिसऱ्या भागाच्या आरंभी 1812 च्या युद्धाची इतिहासकारांनी दिलेली कारणे एका दमात मोजली आहेत. त्यात एक कारण रशियाने ही व्यापारबंदी न पाळल्याचे. तो ते इतर कारणांबरोबर बाजूला सारतो, कारण कुठलेच एक कारण त्याला पुरेसे वाटत नाही. एवढ्या अफाट कादंबरीत मॉस्कोतल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या तोंडून साखरेचा भाव आला असता तर मला बरे वाटले असते. टंचाईतला पैसा पाहायचा तर बाल्झाकच्या गोरिओकडे जावे; शेवयांचा हा कारखानदार क्रांतीच्या दुष्काळात पिठावर गबर झाला. पण तो समुद्रापासून लांब, पॅरिसात.

तेव्हा माझी तक्रार ऑस्टिनबद्दल नाहीच. तक्रार अशी की दोनशे वर्षांत तिच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, लिलावात ज्याचा माल गेला त्याचा, तिच्या तोडीच्या माणसाने लिहिलेला माझ्या वाचनात नाही. नाकेबंदी करणाऱ्याची कादंबरी आहे, तिच्यात अडकलेल्याची नाही. मी हे नातीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अ‍ॅन अडकलीच की आजोबा. आठ वर्षं एका बंदरात बसून राहिली ती.” मला हे रूपक फार सोपे वाटले आणि मी तसे बोललो. पण कादंबरीच्या अगदी अखेरीस, लग्न झाल्यावर, पुन्हा युद्ध झाले तर या धास्तीला ऑस्टिन ‘कर’ असा शब्द वापरते. खलाशाच्या बायकोने भरायचा कर. तेव्हा पोरगी अगदीच चुकीची नसावी.

या विषयात मी इतका का शिरलो ते आता सांगून टाकतो. माझ्या वडिलांचे रविवार पेठेत बटाट्याचे अडत दुकान होते. गिऱ्हाईक मुख्यतः गोव्याचे. 1955 च्या ऑगस्टात सत्याग्रहींवर गोळीबार झाला, आणि त्यानंतर भारत सरकारने गोव्याची सरहद्द बंद केली. कॅसलरॉकच्या पुढे गाडी जाईना. ते योग्यच होते असे वडील म्हणायचे आणि मलाही आजतागायत तसेच वाटते. घरात त्याबद्दल दुमत नव्हते. बटाटे मात्र वखारीत कोंब फुटून वास मारू लागले, तो वास मला अजून आठवतो. पोर्तुगीजांनी गोव्यात हॉलंडचे बटाटे आणले, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा, जपानचे सिमेंट. लोखंडाच्या खनिजाचा पैसा खुळखुळत होता. उपाशी मरण्याऐवजी पणजीच्या दुकानांत परदेशी मालाची रेलचेल झाली आणि घाटातल्या पायवाटांनी घड्याळे, कापड आणि दारू आमच्याकडे उतरू लागली. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांच्या मनगटावर नवे स्विस घड्याळ आले तेव्हा कुणी काही विचारले नाही. गोवा मुक्त झाला 19 डिसेंबर 1961 ला, तो लष्कर आत गेल्यावर. बटाटे अडवल्यामुळे नव्हे.

गोव्याच्या त्या वर्षांवर मराठीत सत्याग्रहींच्या आठवणी आहेत, तुरुंगातल्या हकिगती आहेत, त्या मी आदराने वाचल्या आहेत. अडतीवर मात्र कुणी लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. फोंड्याला किंवा मडगावला कुठल्या घरात त्या हॉलंडच्या बटाट्याची भाजी झाली आणि ती चवीला कशी लागली, हेही नाही. अशी कादंबरी लिहायची तर लेखकाला फॉरेस्टरसारखी पिंपे मोजता आली पाहिजेत आणि ऑस्टिनसारखे पैसे.

वडिलांच्या 1955 सालच्या खतावणीत गोव्याच्या सात गिऱ्हाइकांची खाती आहेत. ऑगस्टपर्यंत दर आठवड्याची नोंद, पोती आणि मण. पुढची पाने कोरी. दोन खात्यांवर मात्र 1962 सालच्या तारखा आहेत: त्या दोघांनी येऊन जुनी बाकी चुकती केली, व्याज वडिलांनी घेतले नाही. उरलेल्या पाच खात्यांची बाकी तशीच पुढे ओढलेली आहे, वहीमागून वही, दुकान बंद केले त्या सालापर्यंत.